मदत हवी आहे: शेजारच्या आजोबांचा ड्रम कोअर कोणात विलीन झाला? शुक्रवारपर्यंत हवंय

मृदुला_के
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. शेजारच्या आजोबांचा शनिवारी सत्तरावा वाढदिवस आहे. तरुणपणी ते ड्रम अँड ब्यूगल कोअरमध्ये (ड्रम आणि बिगुल वाजवत कवायत करणारं पथक) होते, तो कोअर पुढे दुसऱ्यात विलीन झाला आणि नाव गेलं, एवढंच सांगतात आणि मग गप्प होतात. माझी लेक शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन (एक पितळी वाद्य) वाजवते म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी तिला आपलं जुनं ब्यूगल देऊन टाकलं. मला त्यांच्यासाठी वंशावळ करायचीये, वर जुने कोअर, खाली कोण कोणात गेलं ते, आणि तळाशी आज जे उरलंय ते. फ्रेम करून द्यायची आहे, प्रिंटवाल्याला शुक्रवारी सकाळी फाईल पाहिजे. सगळ्या विलीनीकरणांची यादी कुठे मिळेल? शोधलं तर नुसते स्पर्धांचे मार्क येतात. प्लीज लवकर.

कंदील
कुठला देश, कुठलं गाव, कुठलं साल? कोअरचं नाव काय? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चर्चचा कोअर वेगळा, अमेरिकन लीजनच्या शाखेचा वेगळा, व्हीएफडब्ल्यूचा वेगळा (या दोन्ही माजी सैनिकांच्या संघटना), असे गावोगाव कोअर होते. कितीतरी एकमेकांत गेले आणि त्याहून जास्त नुसतेच बंद पडले. सगळ्यांची यादी शुक्रवारपर्यंत काय, वर्षभरातही होणार नाही. नाव सांगा, मग बघू.

ताशेवाला_नारायण
ताई, विलीनीकरणाचं दुःख आम्हाला विचारा. आमचं पथक आणि पलीकडच्या पेठेतलं एक अशी दोन एकत्र आली, तेव्हा ढोल कोणाचे किती यावर कोणी भांडलं नाही, भांडण झालं ते ताशाच्या ठेक्यावरून. त्यांचा हात जलद, आमचा ठाय. पहिल्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर दोन्हीकडचे ताशे आपापला ठेका धरून बसले आणि मधले ढोलवाले बिचारे कोणाचं ऐकावं म्हणून थांबले. त्या वर्षी आमची आठ जुनी पोरं सोडून गेली, ती परत आलीच नाहीत. त्यामुळे आजोबा गप्प का होतात ते मला कळतं.

विश्वस्त_४२
महाराष्ट्रात दोन पथकं ट्रस्ट म्हणून नोंदलेली असतील तर ती आपसात ठराव करून एकत्र येत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, तेच एकत्रीकरणाची योजना मंजूर करतात. दोन्हीकडचे हिशेब आधी तपासून घ्या, लोक तिथेच अडकतात.

मृदुला_के
अहो मला पथक विलीन नाही करायचंय. आम्ही पेनसिल्वेनियात राहतो, वेस्ट चेस्टरजवळ. साल माहीत नाही, नाव माहीत नाही, सरप्राइज आहे म्हणून विचारता येत नाही.

स्वरलिपी
मी ओहायोत शाळेचा बँड शिकवते. ब्यूगल हातात आहे ना तुमच्या? मग त्यालाच विचारा. त्याला किती व्हॉल्व्ह (स्वर बदलायच्या झडपा) आहेत आणि कसे आहेत? कोअरची ब्यूगलं जी सुरातली, आणि व्हॉल्व्ह किती चालतील ते नियमाने बांधलेलं होतं. बरीच वर्षं एक आडवा पिस्टन आणि जोडीला एक फिरता रोटर, एवढंच. १९७७ ला डीसीआयने (ड्रम कोअर इंटरनॅशनल, कोअरच्या स्पर्धा घेणारी संघटना) दोन पिस्टनला परवानगी दिली, १९९० ला तीन, आणि २००० पासून कुठल्याही सुरातलं पितळी वाद्य चालायला लागलं. म्हणजे वाद्य बघून काळ तरी अंदाजे सांगता येईल.

गोधडी७
ब्यूगल काळं पडलं असेल तर चिंच आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, आमच्याकडची समई अशीच लखलखते.

स्वरलिपी
गोधडीताई, कृपा करून असलं काही सुचवू नका. जुन्या ब्यूगलवर लॅकर असतं नाहीतर वरून निकेल-क्रोम चढवलेलं असतं, आंबट लागलं की तो थर खराब होऊ शकतो आणि पिस्टन अडकू शकतो. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडकं, बस.

गोधडी७
पन्नास वर्षं पितळ घासतेय मी, एकही भांडं खराब झालेलं नाही.

स्वरलिपी
भांड्यात पिस्टन नसतो हो.

मृदुला_के
आडवा एक पिस्टन आहे, आणि बाजूला तो फिरणारा पण आहे! अजून एक, ब्यूगलच्या पेटीत तळाशी त्यांचं जाकीट घडी करून ठेवलेलं होतं, लेकीने आज काढलं. पाठीवर गांधीलमाशीसारखं काहीतरी आणि ५०७ आकडा. आधी सांगितलं नाही कारण मला वाटलं ही त्यांची सैन्यातली तुकडी असेल.

कंदील
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं! ५०७थ हॉर्नेट्स. फिलाडेल्फियाच्या परिसरातला कोअर. १९७४ साली हॉर्नेट्स आणि तिथलाच कीस्टोन रेजिमेंट हे दोन एकत्र आले आणि त्यातून क्रॉसमेन झाला. ती दोन्ही नावं गेली खरी, पण कोअर गेला नाही. क्रॉसमेन आजही मैदानात आहे, फक्त पेनसिल्वेनियात नाही. २००० च्या दशकाच्या मध्यानंतर त्यांनी बिऱ्हाड टेक्सासला सॅन अँटोनियोत हलवलं. तुमची वंशावळ तीनच चौकोनांची आहे, वर दोन, खाली एक. तळाशी 'सॅन अँटोनियो' लिहायला विसरू नका.

नॉर्थयॉर्ककर
नाव जाणं म्हणजेच कोअर जाणं, माझं मत स्पष्ट आहे. टोरोंटोचं बघा. १९७५ ला डी ला साल आणि एटोबिको क्रुसेडर्स मिळून ओकलंड क्रुसेडर्स झाले, लगेच पुढच्या वर्षी टोरोंटो ऑप्टिमिस्ट्स आणि सेनेका प्रिन्समेन मिळून सेनेका ऑप्टिमिस्ट्स. एकाच शहरात वर्षभराच्या आत चाराचे दोन झाले! माझ्या आधीच्या नोकरीतला फोरमन त्यातल्या एका जुन्या कोअरमध्ये ड्रम वाजवायचा. नव्या कोअरला मार्क चांगले पडायचे हे तो मानायचा, पण 'आमचा' म्हणताना कायम जुनंच नाव घ्यायचा.

कंदील
भावना मान्य, पण पर्याय काय होता ते पण सांगा की. १९७२ ला डीसीआय सुरू झालं, विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली फायनल झाली, आणि नाव काढायचं असेल तर उन्हाळाभर बस घेऊन देशभर फिरणं आलं. त्याआधी शनिवार-रविवार आसपासच्या स्पर्धा केल्या तरी भागायचं. डिझेल, ट्रक, जेवण, शिकवणारे, हे चर्चच्या वर्गणीतून निघेना. त्यात तेव्हा एकविसाव्या वर्षी पोरं वयाने बाहेर पडायची, म्हणजे दरवर्षी नवी भरती. एकाच भागातले दोन कोअर तीच पोरं ओढत असतील तर दोघांचंही मैदान अर्धंच भरणार. एकत्र येऊन निदान एक तरी उभा राहिला. आणि एकटं राहून तरी काय होतं, गारफिल्डचे कॅडेट्स १९३४ पासूनचे, डीसीआयची दहा विजेतेपदं, कोणात विलीन झाले नाहीत, तरी २०२४ ला बंद पडले.

नॉर्थयॉर्ककर
कॅडेट्स खटल्यामुळे आणि त्याच्या खर्चामुळे बंद पडले, पोरं कमी पडली म्हणून नाही. त्याची सांगड इथे घालू नका.

कंदील
बरोबर, ते उदाहरण मागे घेतो. बाकीचं मत तेच.

बस्के_बॉस्टन
संघटना पण विलीन होतात बरं का. मोठ्या वयाच्या कोअरची डीसीए १९६० च्या दशकापासून वेगळी चालत होती, २०२३ च्या सीझननंतर ती डीसीआयमध्ये आली, आता तिथे सर्व वयांचा वेगळा गट आहे. आजोबांना सत्तरीतही वाजवता येईल.

मृदुला_के
कंदीलदादा, किती आभार मानू. एक अडलंय. आजोबा १९७४ ला एकोणीस वर्षांचे, म्हणजे विलीन झाल्यावर त्यांना वाजवायला वय शिल्लक होतं. ते नव्या कोअरमध्ये गेले की तिथेच थांबले? जाकीट तर फक्त हॉर्नेट्सचं आहे. त्यांचं नाव कुठल्या चौकोनात लिहू?

ताशेवाला_नारायण
लिहू नका ताई. हॉर्नेट्सपासून क्रॉसमेनपर्यंत रेघ ओढा आणि त्यांच्या नावाची जागा कोरी सोडा, फ्रेमसोबत पेन द्या. आमच्या त्या आठ पोरांना कोणी कधी विचारलंच नाही, तुम्हाला कुठे लिहू म्हणून.

स्वरलिपी
आणि ऑगस्टच्या सुरुवातीला अ‍ॅलनटाउनला डीसीआयची मोठी स्पर्धा असते, वेस्ट चेस्टरहून गाडीने दीड तासावर. यंदा क्रॉसमेन कुठल्या रात्री आहेत ते बघून तिकिटं काढा.

मृदुला_के
फाईल गेली. नावाची जागा कोरी ठेवलीये. लेक म्हणते आजोबांनी ब्यूगल वाजवायचं आणि तिने मेलोफोन, पण काल दोघांचा एकच सूर लागेना, मी घाबरले की वाद्य बिघडलं.

स्वरलिपी
बिघडलेलं नाही. ब्यूगल जी मध्ये आहे, तिचा मेलोफोन एफ मध्ये. तिला प्रत्येक नोट एक पूर्ण स्वर वर घ्यायला सांगा, ब्यूगलवर सा वाजला तर तिने रे. आणि जुन्या ब्यूगलवर सगळे स्वर मिळत नाहीत, म्हणून गाणं आजोबांना निवडू द्या.

मृदुला_के
आत्ता खाली करून बघतायत दोघं. लागला सूर.