इबोनाइटच्या पेनावरील चांदीचे तारकाम काळवंडते आणि उचलते : मदत हवी आहे

नमस्कार. गेली तीन वर्षे मी कोल्हापुरात घरच्या छोट्या लेथवर इबोनाइट या कडक रबराची शाईपेने घडवतो. आटे पाडणे, निब व फीड (निबेला शाई पुरवणारा खालचा भाग) जुळवणे यांत हात बऱ्यापैकी बसला आहे. धातूचे जडावकाम मात्र प्रथमच केले आणि तेथेच अडलो आहे.

हे काळे पेन मामांसाठी केले. ते ड्रॉपरने थेट दांड्यातच शाई भरतात, त्यामुळे गळती नको म्हणून दांड्याला धक्का न लावता केवळ टोपणावर जाईची वेल कोरली. टोपणाची भिंत १.५ मि.मी. जाड आहे. तीत ०.४ मि.मी. खोल खाच कोरून हुपरीहून आणलेली, ९२.५ टक्के शुद्धतेची ०.५ मि.मी. तार झटपट सुकणाऱ्या गोंदाने बसवली आणि वर राहिलेला भाग कानस व पॉलिश पेपरने सपाट केला. मामा बराच वेळ नुसते टोपणच फिरवून पाहत राहिले.

दोन महिन्यांत तार काठांपासून काळवंडू लागली. पुसली की चकाकते, परंतु आठवड्याभरात पुन्हा तेच. शिवाय एप्रिलच्या उन्हाळ्यात वेलीच्या लांब देठाची तार दोन ठिकाणी उचलली असून ती आता बोटाला टोचते. लहान पानांच्या तारा मात्र जागच्या हललेल्या नाहीत.

काळेपणाचे कारण मला कळते असे वाटते. इबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. लेथवर कातताना त्याचा वास साऱ्या खोलीत पसरतो, आणि चांदीचे गंधकाशी कधी जमलेलेच नाही. प्रश्न असा आहे की इबोनाइट न सोडता चांदी पांढरी ठेवता येईल काय? मामांना ॲक्रिलिकचा थंड, गुळगुळीत स्पर्श आवडत नाही. दुसरे म्हणजे, बिदरी कामात (धातूच्या भांड्यांवरील चांदीच्या जडावात) तार ठोकून पक्की बसते, तसे येथे करता येईल काय?

प्रतिसाद :

आपले निदान बरोबर आहे. खाचेच्या तळाशी इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून वापरायच्या गोंदाचा) अखंड थर दिल्यास काळेपणा लांबेल, थांबणार नाही, कारण तारेचा वरचा भाग उघडाच राहतो आणि इबोनाइट आपल्या अंगातले गंधक हळूहळू सोडतच असते. ९९.९ टक्के शुद्ध चांदीत तांबे नसल्याने ती थोडी उशिरा काळवंडते, एवढेच. मामांना इबोनाइटच हवे असेल, तर मी २२ कॅरेट सोन्याची तार वापरेन. इतक्या बारीक वेलीला सोने फार लागत नाही.

उचलण्याचे कारण वेगळे आहे. उष्णतेने इबोनाइट चांदीच्या तीन-चार पट प्रसरण पावते. ४० मि.मी. लांबीच्या अखंड तारेत २५ अंशांच्या फरकाने सुमारे ०.०५ मि.मी. तफावत पडते, आणि झटपट सुकणारा गोंद ठिसूळ असल्याने तेथेच सुटतो. आपली पाने टिकली ती आखूड असल्यामुळे. म्हणून देठ एकाच तारेचा न करता प्रत्येक पानाच्या सांध्याशी तोडावा. सांधा पानाखाली झाकला जातो. गोंद संथ सुकणारा आणि किंचित लवचीक इपॉक्सी असावा.

बिदरीची ठोकण्याची रीत येथे चालणार नाही. तेथे जस्ताच्या मिश्रधातूत तार ठोकून दाबली जाते आणि धातू तिला धरून ठेवतो. इबोनाइट ठोकल्यास तडकते. त्याऐवजी बारीक बरने (फिरत्या कोरणीने) खाच तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद करावी आणि तापवून मऊ केलेली तार लाकडी दांडीने हलकेच दाबावी. तार तापवणे अर्थातच टोपणापासून दूर. बफिंगही थांबत थांबत करावे, नाहीतर इबोनाइट तापून खाचेचे काठ गोल होतात आणि नक्षीची धार जाते.

सोन्यावर खर्च करण्यापूर्वी तारेचे दोन तुकडे इबोनाइटच्या भुशाबरोबर बंद डबीत महिनाभर ठेवून पाहावेत.