आवाज घेतानाच कॉम्प्रेसर लावायचा, की गेन ठेवून कोरा घ्यायचा?

जुळेसोलापूर_मोनो

आषाढी जवळ आली की अभंगांची कामं सुरू होतात आणि त्यासोबत हा जुना वादही. चॅनेल स्ट्रिपवर (माइकनंतरच्या पेटीवर) प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा), फिल्टर (तळाची घरघर कापणारा), कॉम्प्रेसर (चढा आवाज आपोआप दाबणारा), ईक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा) सगळं असतं, पण रेकॉर्डिंगला लोक फक्त गेनचा, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा तो नॉब फिरवतात. बाकीचं "मिक्सिंगला बघू". माझं मत उलटं आहे. गायकाचा आवाज स्ट्रिपमधूनच थोडा दाबून घ्यावा.

सेटिंग असं: रेशो (किती दाबायचं) ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) १५० च्या आसपास. गायकाला सगळ्यात चढी ओळ गायला सांगा, तार षड्जावर जाणारी. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती) इतकाच खाली आणा की त्या ओळीवर कॉम्प्रेसरची सुई ३ डीबी (डेसिबल) हलेल. मुखड्यावरही सुई हलत असेल तर थ्रेशोल्ड जास्त खाली गेलाय. मेकअप गेन (दाबल्यावर परत वाढवायची पातळी) तेवढाच, ३ डीबी. फिल्टर ८० हर्ट्झला. ईक्यू बायपास ठेवला तरी चालेल.

कारणं दोन. मुखडा हळू आणि नामाचा गजर मोकळ्या गळ्याने, यात १५ डीबीचा फरक सहज पडतो. तो थोडा आवरला तर कन्व्हर्टर (सिग्नलचे डिजिटल आकडे करणारा भाग) भरून आवाज फुटत नाही. दुसरं, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जवळ आणि भरीव ऐकू आला की गायक ओरडत नाही, सुराकडे लक्ष देतो.

पूर्वभाग_४८व्होल्ट

पहिल्या कारणातच गडबड आहे. सिग्नल कसा जातो बघा: माइक, पॅड (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणारं बटण), प्रीअँपचा गेन, फिल्टर आणि त्यानंतर कॉम्प्रेसर. गजरात प्रीअँपच फुटला तर पुढचा कॉम्प्रेसर तो फुटका आवाज नीट दाबून देईल, एवढंच. फुटणं थांबवायचं काम गेनच्या नॉबचं, पॅडचं आणि माइकपासूनच्या अंतराचं.

कन्व्हर्टर भरण्याची भीती १६ बिटच्या काळातली. तिथे एकूण जागा ९६ डीबी, म्हणून प्रत्येक डीबी वाचवायचा. २४ बिटला कागदावर १४४, चांगल्या कन्व्हर्टरकडून प्रत्यक्षात ११० ते १२० मिळतात. चढी ओळ उणे १० डीबीएफएसवर (शून्य म्हणजे कन्व्हर्टर पूर्ण भरला, त्याच्या १० डीबी खाली) ठेवली तरी आवाजाचं काहीही बिघडत नाही. चाचणीला गायक नेहमी हात राखून गातो, म्हणून तपासताना टोक उणे १५ ला आलं की मी गेन तिथेच सोडा म्हणेन. खऱ्या टेकला तो ४-५ डीबी वर जाणारच.

आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात भिंतीपलीकडे कापडाचा माग चालू असतो, हे विसरू नका. ३ डीबी मेकअप दिला की दोन ओळींमधल्या जागेत माग, पंखा, खुर्चीची करकर सगळं ३ डीबी वर. मिक्सिंगला त्या जागा आधी कापून मग कॉम्प्रेसर लावता येतो. स्ट्रिपवर लावला तर ओळ संपताच मागाचा खडखडाट फुगत वर येतो, आणि तो गायकाच्या शेवटच्या स्वराला कायमचा चिकटतो.

काळीपाच

८० हर्ट्झचा फिल्टर सगळेच सरसकट सांगतात, म्हणून थोडा हिशेब. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा साधारण १३९ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४. ऑक्टेव्हला १२ डीबीचा फिल्टर ८० ला ठेवला तर त्या पंचमावर सव्वा डीबी जातो. चालतं. तोच नॉब १२० ला नेला की साडेचार डीबीच्या जवळपास जातो आणि खर्जातली ओळ पातळ होते. मग तुम्ही ईक्यूवर ११० ला शेल्फ (त्याखालचा सगळा तळ) उचलणार. हे कशाला?

बाई काळी चार किंवा पाचमध्ये गात असतील तर १०० किंवा १२० बिनधास्त ठेवा.

मागाबद्दलही एक गैरसमज आहे. जमिनीतून स्टँडवर चढणारी धडधड फिल्टरने जाते. धोट्याचा खटका जात नाही, तो मधल्या पट्टीत असतो. त्याला कुठलाच नॉब पुरत नाही. दार, भिंत आणि माइकची पाठ मागाकडे, एवढंच हातात आहे.

सुई_शून्यावर

उणे १०, उणे १५ असे आकडे टाकताय, पण त्याआधी इंटरफेसचं (स्ट्रिप आणि संगणक जोडणाऱ्या, कन्व्हर्टर असलेल्या पेटीचं) माहितीपत्रक उघडा. स्ट्रिपच्या व्हीयूवर (सरासरी पातळी दाखवणाऱ्या सुईच्या मीटरवर) सुई शून्यावर म्हणजे बहुतेक यंत्रांत +४ डीबीयू (व्होल्टेजची पातळी), १.२३ व्होल्ट. इंटरफेसची लाइन इनपुट +२२ डीबीयूला भरत असेल तर ते उणे १८ डीबीएफएस दिसेल. +१८ ला भरत असेल तर उणे १४, +२४ असेल तर उणे २०. सुई तीच, आकडे तीन.

त्याहून मोठी चूक केबलमध्ये होते. स्ट्रिपमधून आलेली लाइन इंटरफेसच्या कॉम्बो जॅकमध्ये (दोन्ही प्रकारच्या पिना घेणाऱ्या भोकात) एक्सएलआरने, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलने खुपसतात. एक्सएलआरचं भोक बहुतेक इंटरफेसवर माइक प्रीअँपला जातं. म्हणजे एका प्रीअँपमागे दुसरा. आवाज करकरीत झाला की कॉम्प्रेसरला शिव्या. बॅलन्स्ड टीआरएस (पाव इंची जॅकची केबल) लावा आणि इनपुट लाइनवर करा, अर्धे वाद तिथेच मिटतील.

इनपुट गेन आणि आउटपुटचा नॉब हे एकच काम दोनदा करत नाहीत. नीव्ह १०७३ किंवा त्या धाटणीच्या प्रीअँपवर गेन ५-५ डीबीच्या पायऱ्यांनी चढतो. दोन पायऱ्या वर जाऊन आउटपुट १० डीबी खाली आणलं तर पातळी तीच राहते, पण ट्रान्सफॉर्मर आणि अँप्लिफायरची जाडी आवाजात येते. ती पाहिजे असेल तर तीही रेकॉर्डिंगलाच घेतलेली बरी. त्यामुळे "सगळं कोरंच घ्या" हे तरी पूर्ण खरं कुठे आहे?

हलगी_बे

का बे, सगळे गायकावरच बोलायलेत! हलगी आली की तुमची सुई काय सांगणार? व्हीयूला पूर्ण वर चढायला ३०० मिलिसेकंद लागतात. काडीचा फटका त्याआधीच संपलेला असतो. सुई उणे १० वर डुलत असते आणि पीकचा लाल दिवा पेटून गेलेला असतो. हलगीला फक्त तो दिवा बघा.

क्रम सांगतो. साधा डायनॅमिक माइक, तीन-साडेतीन फुटांवर, कातड्याच्या मधोमध रोखलेला नको, कडेकडे थोडा वळवलेला. कंडेन्सर असेल तर २० डीबीचा पॅड आधी दाबा, मग गेन. आणि हलगी शेकून आणल्याबरोबर लेव्हल घ्या. शेकल्यावर कातडं ताणलेलं असतं, तेव्हाच ती सगळ्यात कडक वाजते. निवलेल्या हलगीवर गेन लावला आणि वादक शेकून परत आला की पहिल्याच फटक्याला लाल.

कॉम्प्रेसर इथे दोन्हीकडून फसतो. अटॅक ३० ठेवला तर फटका तसाच निसटतो आणि मागची गुंज दबते, म्हणजे टोक जिथल्या तिथे. अटॅक १ केला तर काडीच गायब, पत्र्याचा डबा बडवल्यासारखं. म्हणून मी पूर्वभागच्या बाजूने.

ढोलकीला दोन माइक लावणाऱ्यांनी स्ट्रिपवरचं Ø बटण (सिग्नल उलटा करणारं) दाबून बघायलाच पाहिजे. एका तोंडावर थाप पडली की कातडं आत जातं आणि आतल्या हवेने दुसरं तोंड बाहेर ढकललं जातं. समोरासमोरचे माइक तळाचा आवाज उलटसुलट पकडतात. मोनोमध्ये ऐका. बटणाच्या ज्या स्थितीत धुमाचा (ढोलकीच्या खालच्या आवाजाच्या तोंडाचा) घुमारा जास्त, ती ठेवा. काहीच फरक पडला नाही तर एखादा चॅनेल डाव्या-उजव्या बाजूला पॅन झालेला असेल.

जुळेसोलापूर_मोनो

हलगी मान्य. मी गायकाबद्दलच बोलत होतो आणि कॉम्प्रेसर प्रीअँपला वाचवत नाही हेही कबूल, माझी मांडणी चुकली. दुसरं कारण मात्र कुणीच खोडलेलं नाही. संगणकात कॉम्प्रेसर लावून गायकाला ऐकवायचं तर उशीर येतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर (संगणक एका वेळी साठवतो तो तुकडा) म्हणजे जाताना २.७ मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर. ७-८ मिलिसेकंद झाले. गायकाला स्वतःचा आवाज हाडातूनही ऐकू येतो. दोन्ही एकमेकांत मिसळून पोकळ लागतं आणि तो एक कान उघडा टाकतो. मग हेडफोनमधला टाळ माइकमध्ये. स्ट्रिपवरचा कॉम्प्रेसर उशीर करतच नाही.

पूर्वभाग_४८व्होल्ट

तो मुद्दा खरा आहे. पण ऐकवणं वेगळं, छापणं (रेकॉर्ड करणं) वेगळं. प्रीअँपनंतर इन्सर्ट किंवा डायरेक्ट आउट (कॉम्प्रेसरच्या आधीच सिग्नल बाहेर काढायचं भोक) असेल तर तिथून कोरी लाइन इनपुट १ ला, दाबलेली इनपुट २ ला. दोन्ही रेकॉर्ड करा, गायकाला इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून (संगणकात न जाता) २ ऐकवा. मिक्सिंगला कोरा ट्रॅक हाताशी राहतो.

जुळेसोलापूर_मोनो

आणि ज्याच्या स्ट्रिपला डायरेक्ट आउट नाही? डीबीएक्स २८६एससारख्या पेटीवर थ्रेशोल्ड-रेशोही नाहीत, ड्राइव्ह आणि डेन्सिटी हे दोनच नॉब. इन्सर्टमधून लाइन काढायची नसेल तर पर्याय एकच: ड्राइव्ह इतका कमी की चढ्या ओळीलाच ३ डीबीचा दिवा लागेल.

काळीपाच

त्या पेटीवर डी-एसरही (टोचणारा "स" दाबणारा) आहे आणि खरी वाट तोच लावतो. ड्राइव्ह जास्त झाला तर आवाज निदान दाबलेला वाटतो. डी-एसर जास्त झाला की "संत सखू"चं "थंत थखू" होतं आणि ते मिक्सिंगला परत येत नाही. रेकॉर्डिंगला डी-एसर बंद. स टोचत असेल तर माइक ओठांच्या रेषेतून दोन बोटं वर आणि थोडा तिरका.

"भ", "फ", "ठ"चे फुगे हीसुद्धा नॉबची गोष्ट नाही. त्या हवेचा धक्का स्ट्रिपवरच्या फिल्टरपर्यंत पोचायच्या आधी माइकला आणि प्रीअँपच्या पहिल्या पायरीला बसतो. पॉप फिल्टर (माइकसमोरची हवा अडवणारी जाळी) माइकपासून किमान १० सेंटीमीटर.

सुई_शून्यावर

दाबून घेणाऱ्यांना एक व्यवहाराचा प्रश्न. पंधरा दिवसांनी मंडळ परत येतं, "तिसऱ्या कडव्यातला एक शब्द चुकलाय." मध्ये स्ट्रिपवर दुसरी चार कामं झालेली असतात. थ्रेशोल्डचा नॉब पायऱ्यांचा नाही. जुळवणार कसा?

जुळेसोलापूर_मोनो

प्रत्येक टेकनंतर मोबाईलवर पॅनेलचा फोटो. नॉबच्या कडेला कागदी चिकटपट्टी, त्यावर पेन्सिलची खूण.

पूर्वभाग_४८व्होल्ट

फोटोत नॉब दिसेल, गायकाचं तोंड कुठे होतं ते दिसणार नाही. अंतर दुप्पट झालं तर ६ डीबी गेले, तुमचा थ्रेशोल्ड तिथे पोचतच नाही. वर कार्डिऑइडचा (समोरून जास्त ऐकणाऱ्या माइकचा) जवळ आल्यावर वाढणारा बासही बदलला.

काळीपाच

मग अंतरही त्याच पट्टीवर लिहा की. माइकची जाळी ते पॉप फिल्टर, आणि फिल्टर ते ओठ, दोन आकडे.

हलगी_बे

फक्त सेंटीमीटरमध्ये लिहा मालक. "एक वीत" लिहिलं तर पुढच्या वेळी कुणाची वीत म्हणून नवीन धागा काढावा लागेल.