नाताळच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन नागाव: गाडी, खोली, जेवण कसं सांभाळायचं?

मुलुंडवाला (२८ नोव्हेंबर २०२१)

आम्ही चौघं मुलुंडला, मुलं १० आणि ४ वर्षांची. आई-बाबा दादरला वेगळे राहतात. बाबा ७२ वर्षांचे, मधुमेह, इन्सुलिन चालू. मोठ्यांचे कोविड लसीचे दोन्ही डोस झालेत, मुलांना लस नाही. नाताळच्या आसपास दोन रात्री अलिबागजवळच्या नागावला जायचा विचार आहे. गाडी सात आसनी. समुद्रावर फारसा धोका नसावा असं वाटतं, पण तोवर पोचणं, जेवणं, झोपणं याचं काय? आणि कोविडचं हे ओमायक्रॉन प्रकरण आताच आलंय, म्हणून अ‍ॅडव्हान्स द्यावा की थांबावं?

पडवीतला

समुद्राचं बरोबर आहे. पण तुमची खरी जोखीम गाडीतच सुरू होते, कारण तिथे दोन घरं एकत्र येतात. मुलुंड ते नागाव अडीच-तीन तास, वडखळ नाक्याला अडकलात तर चार. तेवढा वेळ सहा जण बंद काचांत, एसी आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर. एकाला जरी लागण असेल तर बाकीच्यांची सुटका अवघड.

म्हणून निघायच्या दिवशी सकाळी सगळ्यांची घरगुती अँटीजेन चाचणी करा, दोन दिवस आधी केलेली उपयोगाची नाही. कोव्हिसेल्फ किट २५० रुपयांना मिळतं. काडी दोन्ही नाकपुड्यांत २ ते ४ सेंटिमीटर आत, प्रत्येकीत पाच वेळा गोल फिरवायची. मग नळीतल्या द्रवात नीट घोळवून पट्टीवर दोन थेंब. निकाल १५ मिनिटांनी बघायचा, २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. चुका दोनच होतात: काडी नाकाच्या तोंडाशीच फिरवून काढतात, नाहीतर किट आदल्या दिवसापासून तापलेल्या गाडीत पडून असतं. ते ३० अंशांच्या खालीच ठेवायचं.

निगेटिव्ह आली तरी कुणाचा घसा खवखवत असेल तर बेत रद्द. त्या माणसाची आरटीपीसीआर करायची.

गाडीत एसी चालवा, पण बाहेरची हवा आत घेणाऱ्या सेटिंगवर, आणि मागच्या दोन काचा दोन बोटं खाली. आई-बाबा मधल्या रांगेत, मुलं शेवटच्या रांगेत. शेवटच्या रांगेच्या काचा बहुतेक गाड्यांत उघडत नाहीत, तिथली हवा साचते, म्हणून मोठ्यांना तिथे बसवू नका.

चष्मिश

मास्कबद्दल. एन-९५ घेताना आयएस ९४७३ हा शिक्का बघा आणि पुढे झडप असलेला घेऊ नका, त्यातून आपला श्वास गाळल्याशिवाय बाहेर जातो. चष्म्यावर वाफ धरली की समजायचं, नाकावरची पट्टी नीट बसलेली नाही. धुवायचा नाही, त्यावर सॅनिटायझर मारायचा नाही. आतल्या थराला विद्युतभार असतो, तो गेला की मास्क नुसतं कापड उरतं. किनाऱ्यावर घामाने आणि खाऱ्या हवेने ओला होतो, म्हणून माणशी रोज दोन. वापरलेला कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कुबट होतो.

दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा एन-९५ गालावर उघडा राहतो. त्याला मुलांच्या मापाचा तीनपदरी द्या. तोही सैल असेल तर कानाच्या दोरीला मास्कच्या कडेशी गाठ मारून बाजूची चुणी आत खोचा. चार वर्षांच्या मुलाला नको, केंद्राच्या सूचनाही पाच वर्षांपर्यंत मास्क नको असंच सांगतात. त्याला गर्दीपासूनच लांब ठेवा.

सुपारीबाग

तारखा आधी बदला. २५ शनिवार आहे, तेव्हा अर्धी मुंबई अलिबागेत. सोमवार २७ ते बुधवार २९ ठेवा, ३० पासून पुन्हा गर्दी.

खोलीसाठी मालकाला फोनवर विचारायचं: दार थेट पडवीत उघडतं का? खिडक्या समोरासमोर आहेत का, आणि खरंच उघडतात की रंगाने चिकटल्यात? आधीचे पाहुणे कधी जाणार? तुम्ही पोचायच्या चार तास आधी खोली रिकामी असेल तर उत्तम. नसेल तर सामान पडवीत ठेवा, दारं-खिडक्या उघडून पंखा जोरात लावा आणि अर्धा-पाऊण तास वाडीत बसा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, त्याच खोलीतली गार करतो. आई-बाबांची खोली वेगळी घ्या, हजार-दीड हजार जास्त गेले तरी. गादीवर सॅनिटायझर फवारणारे पाहुणे बघितलेत, त्याने फक्त चादर ओली होते.

जेवण नागावला सोपं आहे. घरगुती खाणावळी सकाळी सांगितलं तर डबा पाठवतात. मासळीचं ताट सुपारीखाली चटई टाकून खा. आत बसून खायचं हॉटेल नकोच, कारण तिथे सगळ्यांचेच मास्क उतरलेले असतात. आणि दोन घरांनी जेवायला समोरासमोर बसायचं तेही उघड्यावरच.

ओहोटी

समुद्रावर जायची वेळ गर्दी आणि पाणी दोन्ही बघून ठरवा. कोळ्यांचा हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. २७ ला कृष्ण अष्टमी, म्हणजे भरती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराच्या. पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. संध्याकाळी चारनंतर पाणी वर चढतं, किनारा अरुंद होतो आणि नेमकी तेव्हाच घोडागाड्या, भेळवाले आणि सगळी गर्दी त्या पट्ट्यात कोंबलेली असते. सकाळी आठ ते दहा पाणी उतरत असतं, वाळू मोकळी होत जाते, माणसंही तुरळक.

अलिबागचा किल्ला या दिवसांत चालत गाठायच्या नादी लागू नका. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फारसं ओसरत नाही. मग घोडागाडीसाठी घोळका करून उभं राहावं लागतं.

मुलुंडवाला

खूप उपयोगी. दोन शंका. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाडीसकट नेणाऱ्या बोटीने) जाऊ का? आणि वाटेत स्वच्छतागृह?

पडवीतला

रो-रो चांगली, साधारण तासाभरात मांडवा, आणि वडखळ टळतं. वरच्या उघड्या डेकवरच बसायचं, खाली एसीच्या खोलीत नाही. चढताना आणि उतरताना लोक जिन्यावर गर्दी करतात, तुम्ही पाच मिनिटं थांबा. गेटवेवरून साध्या लाँचने जाणार असाल तर पुढे अलिबागपर्यंतच्या बसमध्ये खच्चून बसावं लागतं, म्हणून ती नको.

स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप बरा, फूडमॉलची रांग नको. मास्क घट्ट ठेवा, आधीचा माणूस बाहेर आल्यावर दोन मिनिटं जाऊ द्या, हात साबणाने वीस सेकंद धुवा. टोलला फास्टॅग असल्यामुळे काच पूर्ण खाली करायचं कारण नाही.

डबेवाली

वाटेतल्या खाण्याचं राहिलं. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसणाची कोरडी चटणी दोन दिवस राहते. दशम्या दुधात भिजवल्या तर मऊ राहतात, पण बाबांसाठी गूळ न घालता वेगळ्या करा. दहीभात गाडीत दुपारपर्यंत आंबतो, ओल्या नारळाचं काही नेऊ नका.

इन्सुलिन डॅशबोर्डवर किंवा डिकीत नाही, पायाशी सावलीत. बर्फाला थेट लावायचं नाही, गोठलं की ते फेकूनच द्यावं लागतं. गार पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळा. बाबांना इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर खायला लागतं, आणि वडखळला गाड्या हलत नाहीत, तेव्हा ग्लुकोज बिस्किटं आणि चार चमचे साखर हाताशी ठेवा.

सुपारीबाग

अ‍ॅडव्हान्सबद्दल: पूर्ण देऊ नका. एका रात्रीचे निम्मे द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या की कुणी पॉझिटिव्ह आलं किंवा नवे निर्बंध लागले तर तारीख पुढे ढकलता येईल. पैसे परत मागितले तर मालक कुरकुरतात, तारखेला सहसा हो म्हणतात. २० तारखेला मुंबईचे रोजचे आकडे बघा. आठवड्यात दुप्पट होत असतील तर आई-बाबांना नेऊ नका.

चष्मिश

आणि परत आल्यावर पाच दिवसांनी पुन्हा एकदा चाचणी. तोवर आई-बाबांनी दादरला सोसायटीच्या बंद हॉलमधल्या कार्यक्रमांना जाऊ नये. ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटं शांत बसा, बोट गार नको, नखाला मेंदी किंवा पॉलिश नको. आकडा ९४ च्या खाली स्थिर राहिला तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.