नाकाचा पडदा वाकडा असेल का? धावताना दम लागतो, मदत हवी आहे

वय 36, पुण्यात राहतो. आठवड्यातून चार दिवस धावतो, रविवारी आतकरवाडीहून सिंहगड. पाय थकत नाहीत, पण चढ लागला की तोंड उघडावंच लागतं आणि घसा कोरडा पडतो. डावी नाकपुडी बारा महिने बंद. आरसा नाकाखाली धरला तर उजवीकडे वाफेचा मोठा ठसा उमटतो, डावीकडे जवळजवळ नाहीच. गाल बोटाने बाहेर ओढला की लगेच मोकळं वाटतं.

फॅमिली डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. सहा आठवडे फ्लुटिकासोनचा (नाकातली सूज कमी करणारं स्टेरॉइड) स्प्रे रोज मारला, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं, रात्री नाकावर पट्टी लावली. पट्टीने झोप सुधारली, बाकी तसंच. नाक चोंदल्यावरचे थेंब मुद्दाम टाळतो, त्यांची सवय लागते. दमा नाही, स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी) नॉर्मल, हिमोग्लोबिन 14.2. लहानपणी क्रिकेटचा चेंडू नाकावर बसला होता, तेव्हा एक्स-रे काढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातोय. दुर्बिणीच्या तपासणीत निदान होतं, की सीटी स्कॅनही लागतो? आणि ज्यांनी पडद्याचं ऑपरेशन केलंय त्यांना विचारायचंय: चढावरचा दम खरंच कमी झाला का, आणि किती आठवड्यांनी पुन्हा धावू लागलात?