काळ्या मातीत शोषखड्ड्यातलं सांडपाणी मुरत नाही, गटार थेट नदीला जातं. काय करावं?

कासारीकाठ
नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यात कासारी नदीच्या काठी आमचं 2,400 वस्तीचं गाव. मी ग्रामपंचायत सदस्य, ही पहिलीच खेप. गावची दोन्ही गटारं ओढ्यात पडतात आणि ओढा नदीला. उन्हाळ्यात धार बारीक झाली की घाटापासून पलीकडच्या काठापर्यंत नुसतं केंदाळ. माझे वडील ज्या डोहात वांब धरायचे, तिथं आता गुडघाभर काळा गाळ आहे. हेच पाणी प्रयाग चिखलीला पंचगंगेत जातं आणि खालची गावं ते उचलतात, हे डोक्यातून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीत 30 शोषखड्डे काढले. पहिल्याच पावसाळ्यात तुंबले, सांडपाणी अंगणात आलं. बायकांनी मला दारात उभं करून विचारलं, आता हे कोण उपसणार? आता एक ठेकेदार विजेवर चालणारा शुद्धीकरण प्रकल्प सुचवतोय. पण पंचायतीला रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल भरतानाच नाकी नऊ येतात. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

मुरूमपट्टा
ताई, आमच्याकडे नांदेडात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचं बघून गावोगाव मॅजिक खड्डे झाले. मधोमध सिमेंटची टाकी, तिला भोकं फक्त वरच्या भागात, म्हणजे गाळ तळाला राहतो आणि वरचं निवळ पाणी बाजूच्या दगडगोट्यांत जातं. गटारं कोरडी पडली, डास घटले. टाकी मात्र अधूनमधून उपसावी लागते, हे घरोघर सांगा. आणि मुरूम असेल तरच करा. जागेवर हातभर खोल खड्डा घ्या, रात्रभर पाण्यानं भिजवा, सकाळी परत भरा आणि इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. हे न बघता खड्डे काढले, तिथंच चुकलं असणार.

पाणीवाला इंजिनिअर
काळी माती फुगते, तिच्या भेगा मिटतात. त्यात नदीकाठी पावसाळ्यात भूजल वर येतं. मग खड्ड्यातलं पाणी जाणार कुठं? खालच्या आळीत परत खड्डे नकोत.

पण त्याआधी एक बघा. किती घरांच्या सेप्टिक टँकचा पाइप गटारात सोडलाय? मोरीचं पाणी आणि संडासाचं पाणी एकत्र झालं की पुढची सगळी गणितं फसतात, आणि ओढ्याला रोगजंतू त्याच पाइपातून जातात. मुरमाच्या भागात दोन खड्ड्यांचा संडास करा. एक भरला की दुसरा वापरायचा, बंद केलेल्याचं वर्षभरात खत होतं.

आता हिशोब. माणशी 55 लिटर नळाचं पाणी धरलं तर गावाला 1,32,000 लिटर. त्यातलं 70 टक्के सांडपाणी धरा, म्हणजे रोज 90 हजार लिटरच्या आसपास. एवढ्याला वीज लागत नाही. आधी जाळी आणि गाळटाकी, मग एकापुढे एक तीन तळी. पहिलं खोल, तिथं घाण बसते आणि कुजते. पुढची दोन उथळ, तिथं ऊन आणि शेवाळ काम करतं. जागा कमी असेल तर खडीच्या वाफ्यात कर्दळ आणि पाणकणीस लावा. पूररेषेच्या आत मात्र काही बांधू नका. 2019 आणि 2021 चं पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या भिंती सांगतील. स्वच्छ भारत ग्रामीणच्या 2020 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्याच्या कामासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत दर ठरला होता, त्या हिशोबानं तुमचे 6,72,000 होतात.

कासारीकाठ
दादा, तुम्ही विचारलंत म्हणून काल आशाताईंना घेऊन खालची आळी पालथी घातली. 64 घरांपैकी 41 घरांचे पाइप गटारात! मला वाटत होतं चार-पाच असतील. रात्री झोप लागली नाही.

वरची आळी मुरमाची आहे, तिथं उद्या खड्डा भिजवून बघते. तळ्यासाठी शाळेमागचं गायरान पुराच्या खुणेच्या वर आहे, पण गटार तिथवर चढणार नाही. खालच्या आळीचं पाणी उचलायला पंप लागेल का?

पाणीवाला इंजिनिअर
लेव्हल काढल्याशिवाय सांगता येणार नाही. लागला तरी फक्त खालच्या आळीपुरता लहान पंप, दिवसातून दोन-तीन तास. वरचं पाणी उताराने जाईल असं बघा. आणि आधी ते 41 पाइप.