मदत हवी आहे: खारघर टेकडीवरून उतरायला अवघड वाट

मंडळी, डांबरी रस्त्याने टेकडीवरच्या चाफेवाडी, फणसवाडी या पाड्यांपर्यंत मी दर रविवारी सायकलने चढतो. आता उतरायला पायवाट हवी, खाली येऊन पुन्हा चढता येईल असा पूर्ण फेरा. सुट्या काळ्या दगडांचा तीव्र उतार चालेल, पुढे-मागे १४० मिमी सस्पेन्शन आहे. गेल्या खेपेला लांब उतारावर मागचा ब्रेक इतका तापला की लिव्हर थेट हँडलला टेकला. बाटलीतलं पाणी डिस्कवर सांडलं तर चर्र आवाज आला. मोठी डिस्क बसवावी की नुसतं ऑइल बदलून भागेल?

पांडवकडा धबधब्याची बाजू नको, तिथे पावसाळ्यात माणसं वाहून गेली आहेत. ठाण्याजवळचं येऊरही नको, ते राष्ट्रीय उद्यानात येतं. पाड्यातल्या लोकांच्या शेतातून न जाणारी वाट कुणी स्वतः केली असेल तर कृपया सांगा.