मांडीच्या ऑपरेशननंतर भाऊ तपासणीला जायला तयार नाही, काय करू?

धाकटा भाऊ, वय २७. अडीच महिन्यांपूर्वी दुचाकीचा अपघात झाला, उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातलाय. २ आठवड्यांनी टाके काढायला गेलो, तेवढंच. ६ आठवड्यांची तपासणी बुडाली, आता १२ आठवड्यांची तारीख तोंडावर आलीये.

आधी जिना आडवा आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि त्या पायावर भार द्यायला मनाई. मग मला रजा मिळेना. मग तो म्हणायला लागला, "दुखत नाही आता, कशाला जायचं?" कारणं खोटी नव्हती, म्हणून मी फार ताणलं नाही. चुकलंच माझं. आता त्याचा गुडघा अर्धासुद्धा वाकत नाही.

परवा गाडी बोलावली, खुर्चीत बसवून दोघांनी त्याला खाली आणलं. गाडीचं दार उघडलं आणि तो घामाने भिजला, हात थरथरायला लागले. बसलाच नाही. रात्री म्हणाला, "ताई, इंजिन सुरू झालं की मला तोच आवाज ऐकू येतो." आणि इतके दिवस आम्ही त्याला आळशी म्हणत होतो.

यातून कुणी गेलंय का? त्याला कसं न्यायचं?

प्रतिसाद १
माझंही हेच हाड मोडलं होतं. दुखायचं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही, रॉडने ते धरून ठेवलेलं असतं. जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. ते जुळतंय का, स्क्रू जागेवर आहेत का, हे एक्स-रेमध्येच दिसतं आणि भार कधी द्यायचा तेही त्यावरच ठरतं. तारीख बुडाली याची लाज वाटून मी महिनाभर फोनच केला नव्हता. केला तेव्हा कुणी रागावलं नाही, कमी गर्दीची वेळ दिली. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकतात का, तेही विचारा.

प्रतिसाद २
ताई, त्याला बळजबरीने गाडीत बसवू नका. अपघाताला महिना उलटून गेला तरी असा त्रास होत असेल तर त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना फोनवर आधी हेच सांगा, मानसोपचारतज्ज्ञांशी सुरुवातीला व्हिडिओ कॉलवरही बोलता येतं. मात्र एक लक्षात ठेवा: पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवायचं. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णवाहिका.

धागाकर्ती
पोटऱ्या आत्ताच दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, सारख्याच आहेत. दुपारी फोन केला. गाडीच्या भीतीचं सांगितल्यावर पलीकडच्या बाईंनी ते लिहून घेतलं, डॉक्टर स्वतः त्याच्याशी बोलणार आहेत. तो "बोलतो" म्हणालाय. गाडीत पाय लांब करून बसवायचं की वाकवून, हे कुणी सांगेल का?